मेयोची घराणी आणि मेयोची जमीन

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो परगण्याचे नाव आपल्याकडील वाचकांच्या कानावर आले ते 1872 साली पोर्ट ब्लेअर येथे मारले गेलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि अजमेरचे मेयो कॉलेज यांच्यामुळे. परंतु ज्या बर्क कुळाचे ते वंशज, ते मूळचे नॉर्मन कुळ मध्ययुगात या प्रदेशी तलवारीच्या बळावर स्थिरावले आणि भाषा, वेष व आचार यांनी इतके आयरिश होऊन गेले की पुढे इंग्रजी सत्तेस त्याचीच धास्ती वाटू लागली. क्लू उपसागरावर ओ'मॅली घराण्याचा अंमल चाले. त्या घराण्यातील ग्रेस ओ'मॅली ही तेजस्विनी 1593 साली प्रत्यक्ष राणी एलिझाबेथपुढे उभी राहिली व बर्क पतीपासून झालेल्या आपल्या कैदेतील पुत्रासाठी तिने रदबदली केली. तोच पुत्र 1627 साली पहिला व्हायकाउंट मेयो झाला.

सरदारांची वंशावळ अशी सहज हाती लागते. सामान्य कुळांची मात्र लागत नाही, आणि मेयोचे खरे दुःख मला येथेच दिसते. 1841 च्या खानेसुमारीत सुमारे 3,89,000 असलेली येथील लोकसंख्या बटाट्यावरील रोग, उपासमार, साथी आणि देशांतर यांमुळे दहा वर्षांत पावणेतीन लाखांवर आली. त्या माणसांची नावे ज्या दप्तरांत होती, त्यांपैकी बहुतेक 1922 च्या यादवी युद्धात डब्लिनच्या दफ्तरखान्याबरोबर जळाली. 1851 नंतरच्या चार खानेसुमाऱ्यांचे कागद तर सरकारनेच नष्ट केले होते. म्हणून अमेरिकेतून वा इंग्लंडातून पूर्वजांच्या शोधार्थ येणाऱ्यास 1901 पूर्वीच्या काळासाठी कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या आणि ग्रिफिथ यांची जमीन-आकारणी यांचा मोठा आधार असतो. 1847 ते 1864 या काळात कर बसविण्यासाठी झालेल्या या आकारणीत प्रत्येक शिवारातील कूळ कोण, जमीनदार कोण आणि आकार किती, एवढेच लिहिलेले आहे. बायकामुलांची नावे तीत नाहीत, कारण सरकारास माणसे नव्हे, महसूल मोजावयाचा होता.

या आकारणीच्या प्रारंभीच, 1850 साली, स्ट्रेड गावातील एका कुटुंबास खंड थकला म्हणून घराबाहेर काढण्यात आले. त्या कुटुंबातील चार वर्षांचा मायकेल डॅविट लँकेशायरमध्ये वाढला, अकराव्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात त्याने उजवा हात गमावला, आणि 1879 साली कॅसलबार येथे मेयोची लँड लीग स्थापून त्याने कुळांना संघटित केले. त्या लढ्यातून जे जमीन-कायदे क्रमाक्रमाने झाले, त्यांचा पुरावाही त्याच आकारणीच्या दुरुस्तीवह्यांत सापडतो: बापाचे नाव खोडून मुलाचे नाव रंगीत शाईने लिहिलेले आढळते, आणि काही पाने उलटल्यावर जमीनदाराचे नावही खोडले जाऊन, जमीन-कायद्यान्वये कुळाने जमीन खरेदी केल्याचा शिक्का तेथे उमटलेला असतो.