घर बदलताना डबे पुसण्यापेक्षा खिडक्या उघडा

कोरोनाच्या साथीत, 2020 च्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात कितीतरी बिऱ्हाडं हलली. मुंबईचे चाकरमानी गावच्या घरी परतले, शहरातल्या भाड्याच्या खोल्या सोडून कुणी आपल्या वाडीत गेलं. कशेडी घाटात तपासणीसाठी गाड्या थांबत होत्या. साथीत घर हलवण्याबद्दलचे काही समज तेव्हाच पक्के झाले आणि ते अजून गेलेले नाहीत. पुढच्या साथीत त्यांचा त्रास होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

सगळ्यात चिवट समज म्हणजे रोग सामानातून येतो. त्याला निमित्तही होतं. मार्च 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कोरोनाचा विषाणू पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत, तर प्लास्टिक आणि स्टीलवर 72 तासांपर्यंत टिकलेला आढळला. लोकांपर्यंत एवढंच पोचलं. पण प्रयोगशाळेत विषाणू सापडणं वेगळं आणि त्यानं माणूस आजारी पडणं वेगळं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं, की दूषित वस्तूला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहून कमी आहे. कोरोना पसरला तो मुख्यतः श्वासातून, कोंडलेल्या हवेतून. तेव्हा साबणाने हात धुवा, पण मिसळणाचा डबा आणि पितळेची कळशी सॅनिटायझरने पुसत रात्र जागवू नका. ती मेहनत दुसरीकडे हवी आहे.

ती कुठे, हे टेम्पोच्या केबिनमध्ये कळतं. चालक, त्याचा मदतनीस आणि घरातलं कुणीतरी, असे तिघे खेटून बसलेले. बाहेर पाऊस, म्हणून काचा वर. मास्क हनुवटीवर, कारण गप्पा चालू. हातखंब्याहून चिपळूणपर्यंत दीड-दोन तास तिघेही एकमेकांचा श्वास घेतात. मागे ताडपत्रीखाली बांधलेल्या कपाटापेक्षा हा प्रवास कितीतरी धोक्याचा! घरच्यांनी टेम्पोत बसूच नये, आपल्या वाहनाने मागून यावं. बसावंच लागलं, तर पावसातही दोन्हीकडची काच चार बोटं खाली ठेवावी आणि मास्क नाकावर असावा.

‘हमाल जास्त घेतले की काम पटकन उरकतं’, हे अर्धंच खरं. अरुंद जिन्यात सहा माणसं धापा टाकू लागली, की वाचलेल्या वेळाचा फायदा उरत नाही. त्यापेक्षा खोकी आदल्या दिवशीच बांधून पडवीत आणून ठेवा. हमालांना आत यावं लागेल ते फक्त कपाट आणि पलंगासाठी. तेवढा वेळ दारं-खिडक्या उघडा, पंखा लावा आणि म्हाताऱ्या माणसांना शेजारच्या खळ्यात बसवा. आपल्याकडच्या दमट हवेत ओझं उचलताना मास्क घामाने भिजतो, मग तो खाली ओढला जातो. कामाच्या माणसांसाठी जास्तीचे कोरडे मास्क ठेवा, आणि चहा अंगणातच द्या.

फवारणीचंही असंच. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 18 एप्रिल 2020 लाच स्पष्ट केलं होतं. त्याने डोळे, कातडी आणि श्वासनलिका जळजळतात. नव्या घराची न्हाणी धुताना तर ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

ई-पास हातात आला म्हणजे आपण निरोगी, असंही अनेकांनी धरलं. तो प्रवासाचा परवाना होता, तब्येतीची हमी नव्हे. कपाळासमोर धरलेल्या तापमापक बंदुकीलाही लक्षणं नसलेला बाधित माणूस ओळखता येत नाही. संसर्गानंतर लक्षणं दिसायला 14 दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे पोचल्यावर काही दिवस वेगळं राहणं ही शेजाऱ्यांची काळजीच. मात्र त्याच भीतीपोटी मुंबईहून आलेल्याला पाणी भरू न देणं चूकच होतं. विहिरीवर थोडं अंतर ठेवून कळशी भरता येते.

आदल्या रात्री घरात कुणाला ताप आला तर? ‘टेम्पो ठरलाय, आता कसं थांबवायचं’ म्हणून पुष्कळजण निघतात. टेम्पोवाल्याशी भाडं ठरवतानाच सांगून ठेवा, की कुणी आजारी पडलं तर दिवस पुढे ढकलू. घरमालकाकडूनही आठ-दहा दिवसांची सवलत आधीच मागून घ्या. हे बोलणं झालेलं असलं, की त्या रात्री एक फोन पुरतो.