तातडीच्या विभागात जाण्याआधी

गेल्या चैत्री ओळीच्या सहाव्या दिवशी, पहाटे दोनच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. “काका, पप्पांचं बोलणं समजत नाही, अंग घामानं भिजलंय.” मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा थोरल्या बंधूंना तातडीच्या विभागात घेतले होते आणि डॉक्टर प्रश्न विचारीत होते. हे शेवटचे नीट केव्हा बोलले? शेवटचे केव्हा, काय खाल्ले? कोणती औषधे चालू आहेत?

पहिल्याचे उत्तर वहिनींनी दिले: रात्री दहाला. दुसऱ्या प्रश्नाला त्या अडखळल्या. आयंबिल सांगितले तर डॉक्टर रात्रीच काही पाजतील, व्रत मोडेल, ही धास्ती. तिसऱ्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. “एक पांढरी, एक गुलाबी,” एवढेच पुतण्या सांगू शकला. दुकानातील प्रत्येक मालाचा भाव त्याला तोंडपाठ आहे!

बोटातून रक्त काढून तपासले, तर साखर फार खाली उतरलेली होती. दिवसातून एकदा, तेही रूक्ष अन्न. आणि संध्याकाळची मधुमेहाची गोळी मात्र सूर्यास्तापूर्वी, नेहमीच्याच मात्रेत घेतलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही वेळाने बंधू नाव सांगू लागले. तथापि अशा गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून एक दिवस थांबावे लागले.

व्रताची गोष्ट डॉक्टरांपासून लपविणे हे अज्ञान आहे. प्रत्याख्यानाच्या विधीतच आगार सांगितलेले आहेत, आणि गंभीर व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची सूट त्यांत आहे. पुढे एका साध्वीजींनी वहिनींना हे समजावले, तेव्हा त्यांचे मन शांत झाले. शेवटचे अन्नपाणी केव्हा घेतले हे डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतानाही हवे असते. आणि नीट बोलल्याची वेळ? तो पक्षाघात असता, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात.

आता पैशाचा विषय; येथे माझी जुनी सवय बोलते. पुतण्या तिजोरीतील रोकड घेऊन आला होता. आपल्याकडे अजूनही रोकडीवर फार भिस्त. परंतु 2017 पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, अथवा एकाच व्यवहारापोटी, 2 लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा 5 लाखांपर्यंत वाढविलेली आहे. मात्र आपल्या बँकेची मर्यादा त्याहून कमी असू शकते, ती आधी पाहून ठेवावी. बंधूंची सर्व खाती त्यांच्या एकट्याच्या सहीची होती. पती-पत्नीचे निदान एक बचत खाते “दोघांपैकी कोणीही” या पद्धतीचे असावे, हे मी त्यांना निवृत्तीपूर्वीही सांगितले होते.

विम्याची पॉलिसी दुकानाच्या तिजोरीत होती, आणि किल्ली बंधूंच्या कमरेला! विमा नियामकाच्या 2024 च्या निर्देशानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यावयाचा असतो; परंतु विनंती गेल्याशिवाय तो तास सुरूच होत नाही.

घरी आल्यावर आम्ही एक फाइल केली. औषधांची नावे, मात्रा व वेळा एका कागदावर ठळक अक्षरांत. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते लाल शाईने. मागील शस्त्रक्रियांचे कागद, जुना ईसीजी (नव्याशी ताडून पाहण्यास तो फार उपयोगी पडतो), विमा कार्ड, आधारची प्रत. हे सारे फोटो काढून सुनेच्या व पुतण्याच्या मोबाइलवरही ठेवले. रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक फाइलच्या पुठ्ठ्यावरच लिहिला. निर्णय कोणी सांगावयाचा तेही ठरविले, कारण त्या रात्री आम्ही अकरा जण दाराशी होतो आणि डॉक्टरांना अकरा मते ऐकावी लागली.

आसोजच्या ओळीपूर्वी बंधू प्रथम डॉक्टरांकडे गेले. संध्याकाळची गोळी त्यांनी त्या नऊ दिवसांसाठी बंद केली आणि साखर घरीच रोज तपासण्यास सांगितले. ते आकडे वहिनी त्याच फाइलमध्ये लिहितात. फाइल दाराजवळच्या खुंटीला, सामायिकाच्या पिशवीशेजारी टांगलेली असते.