तक्तपोशी

तक्तपोशी म्हणजे माळ्यावर किंवा माडीवर कड्यांच्या आधाराने लाकडी फळ्या जडवून केलेली जमीन. छताला खालून फळ्या मारण्यासही हाच शब्द रूढ आहे. येथे विचार चालण्याच्या जमिनीचा आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत सागाची पानझडी जंगले असल्याने शेणव्यासारख्या गावांतील जुन्या घरांच्या माळ्यांना सागाच्या फळ्या आढळतात.

लाकडाची हालचाल

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र ओल शोषून फुगते व सुकल्यावर आक्रसते. साग या बाबतीत तुलनेने शांत आहे. तरीही आडव्या कापाच्या २०० मिमी रुंद सागवानी फळीतील ओलाव्याचे प्रमाण ५ टक्क्यांनी बदलल्यास तिची रुंदी सुमारे २ मिमीने बदलते. अशा १५ फळ्यांच्या खोलीत हा फरक ३ सेंटीमीटरच्या घरात जातो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब आणि एप्रिल-मे कोरडे असतात, म्हणून फळी घट्ट धरायची, पण तिची रुंदी जखडायची नाही, हे जडणीचे मूळ सूत्र ठरते.

त्यासाठी फळ्या ज्या घरात बसवायच्या तेथेच, मध्ये पट्ट्या घालून, काही आठवडे रचून ठेवतात. भिंतीलगत १० ते १२ मिमी फट सोडून ती पट्टीने झाकतात. भर उन्हाळ्यात जमीन करणाऱ्याने दोन फळ्यांत बारीक अंतर राखावे. अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात फळ्या एकमेकींना रेटून मध्येच उचलल्या जातात.

खिळे आणि स्क्रू

फळी प्रत्येक कडीवर पक्की व्हायला हवी. एक कडी वगळणे ही कामातील बचत नव्हे. खिळ्याची लांबी फळीच्या जाडीच्या साधारण अडीच पट असावी. कठीण लाकडात आधी खिळ्याहून किंचित बारीक भोक गिरमिटाने पाडावे लागते, विशेषतः फळीच्या टोकाशी. त्याविना ठोकलेला खिळा एकतर वाकतो, नाहीतर फळी उभी चिरतो. रुंद फळीच्या दोन्ही कडा खिळ्यांनी आवळल्या, तर आक्रसताना ती मधोमध फाटते. खाच व जीभ असलेल्या फळ्यांत खिळा जिभेच्या बुडाशी सुमारे ४५ अंशांच्या कलाने मारून सुंब्याने आत बसवतात. पुढच्या फळीची खाच तो झाकते आणि एकच कड धरली गेल्याने दुसरी मोकळी राहते.

ओलसर-कोरड्या ऋतुचक्रात खिळ्याची पकड हळूहळू सैल होते. सुटलेली फळी खिळ्याच्या दांड्यावर घासू लागते. पायाखालची करकर बहुधा हीच असते. तिच्याशेजारी आणखी एक खिळा ठोकण्याची सवय सर्वत्र दिसते, पण उपाय स्क्रूचाच. ऐनासारख्या टॅनिनयुक्त लाकडात साधे लोखंड ओलीने काळे डाग पाडते; तेथे पितळी किंवा जस्तलेपित स्क्रू योग्य.

जुन्या फळ्या

१९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यामुळे खासगी जमिनीवरील सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यामुळे पडक्या घरातील फळ्यांना मोल आहे, आणि त्या बहुधा पहारीने उचकटतानाच फुटतात. फळी व कडी यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून खिळा कापला, तर फळी अखंड निघते. जुन्या भोकात सागाची खुंटी ठोकून नवे भोक दोन बोटे बाजूला घ्यावे.