बॉनेटखालची पद्मिनी
कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्समध्ये १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी. काळी-पिवळी म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे कितीतरी वर्षं हीच गाडी यायची. आता स्टँडवर तिच्या जागी बऱ्याचदा वॅगन आर दिसते.

वॅगन आर ३.६५५ मीटर लांब, तर पद्मिनी जवळपास ३.९३. तरीही आखूड गाडीतच पाय पसरून बसता येतं. पद्मिनीचं इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांपर्यंत प्रोपेलर शाफ्ट. वॅगन आरचं इंजिन आडवं आणि ओढ पुढच्याच चाकांना, त्यामुळे वाचलेली सगळी जागा प्रवाशांच्या वाट्याला आली. ताकदीतही तोच प्रकार: पद्मिनीच्या १०८९ सीसीतून चाळीसच्या आसपास बीएचपी निघायची, वॅगन आरच्या ९९८ सीसीतून ६६ च्या घरात निघते. पद्मिनीचा गिअर मात्र स्टिअरिंगला लागून असायचा. पुढची सीट सलग, मध्ये काही अडथळा नाही. घरातली धाकटी दोन पोरं ड्रायव्हरशेजारी आरामात मावायची.

पद्मिनीचं खरं मोठेपण कळायचं ते बॉनेट उघडल्यावर. पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ती ओढता यायची नाही आणि गाडी आचके देत बंद पडायची. ड्रायव्हर खाली उतरायचा, बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून पंपावर टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचा. पंप निवला की गाडी पुन्हा चालू. पॉइंट घासणं, प्लग साफ करणं, कार्बोरेटरचा जेट फुंकणं ही कामंही रस्त्याच्या कडेला, चार पान्यांत उरकायची.

वॅगन आरचा पंप टाकीतच असतो आणि इंजेक्टरला पेट्रोल दाबाने पुरवतो. त्यामुळे वाफेची ती कटकट जवळपास संपली. कमी पेट्रोलात जास्त अंतर, धूर कमी, थंडीत चोक ओढायला नको. हे सगळं मला मोलाचं वाटतं. पण चेक इंजिनचा दिवा लागला की ड्रायव्हरच्या हातात फार काही उरत नाही. स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावंच लागतं, आणि ज्याचं पोट रोजच्या भाड्यावर चालतं त्याचा तो दिवस बुडतो.

सुरक्षिततेत पद्मिनीची बाजू घेता येणार नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅगचं नाव नाही. म्हणून नवी गाडी भक्कमच, असंही नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन आरला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा मिळाला. कंपन्यांनी जागा आणि मायलेजइतकाच जीव सांगाड्याच्या मजबुतीतही ओतायला हवा होता.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीची मुदत वीस वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. एक तरी पद्मिनी शहराने जपून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. तीही काचेआड नको, चालती हवी. आणि नुसत्या आवाजावरून टॅपेट सेट करणारे मिस्त्री आज आपल्यात आहेत, तोवर त्यांच्या हातचं काम कॅमेऱ्यात टिपून ठेवायला हवं.