कवि येट्स याचें गूढविद्येचें दप्तर

कवीच्या गूढविद्येच्या नादाकडे टीकाकार बहुधा दोन तऱ्हांनीं पाहतात. कोणी त्यास वेड समजून सोडून देतात, तर कोणी त्यांतच काव्याचें सारें रहस्य शोधतात. दोन्ही मतांची परीक्षा कागदपत्रांवरूनच झाली पाहिजे. अशी परीक्षा कशी होते, हें आयर्लंडचा कवि विल्यम बटलर येट्स (१८६५–१९३९) याच्या उदाहरणावरून आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

१८९० सालीं येट्स यानें लंडन येथील ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळाची दीक्षा घेतली. तेथें प्रतीकांचें ध्यान, ज्योतिष व मंत्रविधि यांचें क्रमवार शिक्षण मिळे. २० ऑक्टोबर १९१७ रोजीं त्याचा विवाह झाला. पुढें चारच दिवसांनीं पत्नी जॉर्जी हिनें ‘स्वयंलेखन’ आरंभिलें. मन मोकळें सोडून हात चालेल तें लिहूं द्यावयाचें, अशी ही रीति होय. येट्स प्रश्न करी व उत्तर कागदावर उमटे. अशा बैठकींतून ३,६०० हून अधिक पृष्ठें जमलीं. चंद्राच्या २८ कलांवरून मनुष्यस्वभावाचे प्रकार आणि सुमारें दोन हजार वर्षांचीं इतिहासचक्रें, हा ‘ए व्हिजन’ या ग्रंथांतील विचार त्यांतूनच निघाला. १९१९ त रचलेल्या ‘द सेकंड कमिंग’ या कवितेंतील फिरत्या चक्राची प्रतिमाहि याच विचारांतली आहे.

आतां ग्रंथाची गोष्ट पाहा. १९२५ च्या पहिल्या आवृत्तींत ही सर्व विद्या एका जुन्या लॅटिन ग्रंथांतून व एका अरब जमातीकडून मिळाल्याची कल्पित कथा दिली आहे. पत्नीच्या लेखनाची हकीकत १९३७ च्या आवृत्तींत आली. केवळ पहिल्या मुद्रित प्रतीवर विसंबणारा वाचक अर्थातच फसला असता. मूळ कागद जपून राहिले व १९९२ त तीन खंडांत छापले गेले. बैठकींच्या तारखा त्यांवर असल्यामुळें कल्पना आधीं कीं कविता आधीं, हें ताडून पाहतां येतें.

या प्रकरणाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोंचतो. वऱ्हाडांतील बडनेरा येथें १८८२ त जन्मलेले श्री पुरोहितस्वामी यांचा व येट्सचा स्नेह होता. स्वामींचे गुरु भगवान श्री हंस यांनीं आपल्या मानस-कैलासयात्रेचा वृत्तांत मराठींत लिहिला होता. स्वामींनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तें येट्सच्या प्रस्तावनेसह १९३४ त ‘द होली माउंटन’ या नांवानें निघालें. त्याच सुमाराच्या ‘मेरु’ या सुनीतांत हिमाच्छादित शिखरांवरील तपस्वी दिसतात, त्यांची पूर्वपीठिका या मराठी वृत्तांतांत आहे. पुढें १९३७ त उभयतांनीं दहा उपनिषदांचें भाषांतर प्रसिद्ध केलें.

या विद्या खऱ्या कीं खोट्या, हा प्रश्न इतिहाससंशोधकाचा नव्हे. त्यांच्या साहाय्यानें कवीच्या मनांत काय घडलें, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर टिपणांवांचून मिळत नाहीं. आपल्याकडील संग्राहक रुमाल सोडतांना पदें उतरून घेतात आणि यंत्रांचे कागद, कुंडल्या, स्वप्नांच्या नोंदी निरुपयोगी म्हणून वेगळ्या काढतात. आमची विनंति इतकीच कीं, असे कागद टाकूं नयेत. ज्या बाडांत ते सांपडले त्याच बाडांत, त्याच अनुक्रमानें, पृष्ठांक घालून ठेवावे. एकदां त्यांची संगत तुटली म्हणजे ती पुन्हां जुळविण्याचें साधन उरत नाहीं.