नदी गेली अंडरग्राउंड!

लास व्हेगसला कसिनो तर सगळेच बघतात. काही हटके हवंय? मग दोन तास ड्राइव्ह करा आणि अमार्गोसा नदी बघा. मी गेलो तेव्हा पात्रात नुसती वाळू आणि गोटे. नदी होती, पण पायाखाली!

नेवाडात उगम, कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत शेवट. सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास, त्यातला बहुतेक जमिनीखालून. फंडा सिंपल आहे. पाऊस जेमतेम, पात्र वाळू-खडीचं. पाणी आत मुरतं आणि आतूनच सरकत राहतं. टेकोपाजवळ खाली पाणी न मुरणारा थर लागतो, की तेच पाणी वर येतं. मग झुळझुळ प्रवाह, हिरवीगार झाडी, पक्षी! पुढे पुन्हा गायब. शेवटी बॅडवॉटरची खारी सपाटी, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली.

पण दिसत नाही म्हणजे ते पाणी कुणाचंच नाही, असं थोडंच आहे? याच भागात डेव्हिल्स होल नावाची पाण्याने भरलेली कपार आहे. तिथला इंचभर लांबीचा पपफिश निसर्गात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. जवळच्या शेतीसाठी पंप सुरू झाले, पाणी उतरलं आणि मासे जिथे अंडी घालतात तो खडक उघडा पडू लागला. केस थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात! १९७६ साली कोर्टाने उपशावरची मर्यादा कायम ठेवली. एवढ्याशा माशासाठी, बॉस!

जायचं तर हिवाळ्यात जा, पाणी भरपूर न्या. आणि कोरड्या पात्रात दोन मिनिटं नुसते उभे राहा. खाली नदी चाललेली असते.