मोडीत देण्याआधी: जुन्या भांड्याचे दोन भाव



दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचं पितळ खाली येतं आणि नेमकी तेव्हाच दारात भंगारवाल्याची हाक येते. आमच्या घरी मागच्या वर्षी आजीचं घंगाळ असंच गेलं. त्याच्या काठावर आजीचं नाव घातलेलं होतं. किलोच्या भावानं मोड झाली आणि बदल्यात स्टीलचे दोन डबे आले. पुढे प्रशिक्षणाला पुण्याला गेले, तेव्हा एका दुकानाच्या दारात तसंच घंगाळ दिसलं. पाणी भरून वर झेंडूच्या पाकळ्या सोडलेल्या. किंमत ऐकली आणि गप्पच झाले.

म्हणून सांगते, जुन्या वस्तूला दोन भाव असतात. एक धातूचा, तो वजनावर. दुसरा वस्तूचा, तो घडणीवर आणि वयावर. दारातला भंगारवाला पहिला भाव देतो. घर सजवणारं शहरातलं गिऱ्हाईक दुसरा देतं. मधला फरक आपल्या हातून जातो.

हा दुसरा भाव पुण्याच्या दिनकर केळकरांनी फार आधी ओळखला. अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे अशा घरातल्याच वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह सरकारला दिला. आज तिथे लोक तिकीट काढून आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू बघतात.

विकताना

१. लोहचुंबक लावा. पितळ, तांबं, कासं चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा.
२. पितळ, तांबं, कासं वेगवेगळं करा. तिघांचा भाव वेगळा आहे. घरी तोलून वजन वहीत लिहा, मगच भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा.
३. घातलेलं नाव, साल, नक्षी, कड्या, पाय नीट बघा. अशी वस्तू मोडीत टाकू नका.
४. घासून चकचकीत करायची घाई नको. जुना रंग बघून घेणारेही असतात, आणि फार घासलं की नाव झिजतं.
५. फोटो काढा. गावात, तालुक्याला आणि शहरातल्या नातेवाइकाकडून, असा तीन ठिकाणचा भाव विचारा.

मात्र सगळंच जुनं मोलाचं नसतं. चेपलेली, भोक पडलेली पातळ भांडी ही मोडच. ती खुशाल द्या.

घेताना

भंगाराचं दुकान हा आपल्यासाठी बाजारही आहे. कुणाची तरी समई, डबा, लाकडी पेटी तिथे स्वस्तात मिळते. लाकूड घेताना खालची बाजू बघा. बारीक भोकं आणि ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, घेऊ नका. पितळेचं पातेलं स्वयंपाकाला हवं असेल तर कल्हईचा खर्च किमतीत धरा. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंच कळकते, ते पोटात जाऊ देऊ नका. नुसती शोभेची वस्तू असेल तर कल्हईची गरज नाही.

हे मात्र विकू नका

तेर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तूंचं आज सरकारी संग्रहालय आहे. शेतात किंवा पाया खणताना नाणी, मूर्ती असं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. शंका आली तर आधी संग्रहालयात विचारा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. लग्नात तुम्हाला मिळालेली भांडी हे तुमचं स्त्रीधन आहे. विकायचं की ठेवायचं, हे तुम्ही ठरवायचं. अडचण असेल तर विकण्यात कमीपणा नाही, पण तुम्हाला न विचारता ते दारातून जाऊ नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं माळ्यावरच्या भांड्यांची यादी आणावी, वजन आणि घातलेल्या नावासकट. भाव आपण मिळून काढू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक